आपला दावा मिळाला, दिलगीर आहोत

३ मार्च, सोमवार

सर्दी. रजा टाकली. अकराच्या सुमारास बेल वाजली, वाटलं मीटर बघणारा. निघाला कोर्टाचा माणूस. हातात लिफाफा आणि एक फाटकी वही. म्हणाला, सही करा. कशाबद्दल विचारलं तर म्हणाला, ते आत लिहिलंय, मी फक्त पोचवतो. तीन जिने चढून बिचाऱ्याला धाप लागली होती. पाणी दिलं. सही केली, नेहमीसारखी, खाली दोन रेघा ओढून. म्हणाला, बहुतेक लोक दारच उघडत नाहीत साहेब. मी म्हटलं, आलेला कागद घ्यायचाच, हा माझा स्वभाव आहे.

आत क्रेडिट कार्डाचा दावा. कार्डवाल्यांनी माझ्याकडचं येणं कुठल्याशा वसुली कंपनीला विकून टाकलं म्हणे. मला न विचारता! मूळ रक्कम एवढी नव्हतीच. व्याज खाऊन खाऊन माजली आहे. तीस दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर तुमच्या पाठीमागे निकाल लावू, असं लिहिलंय.

हसूच आलं. उत्तर! माझ्याकडून! बावीस वर्षं मी दुसरं करतोय काय? फ्रिज गळतोय, मिक्सरचं भांडं उडून छताला लागलं, वॉशिंग मशीनने सासऱ्यांचा कोट फाडला. आमच्या कंपनीच्या तक्रार निवारण विभागात अशी पत्रं रोज ट्रेभर येतात आणि सगळ्यांना उत्तरं मी देतो. या वसुलीवाल्यांना कल्पना नाही कोणाशी गाठ आहे.

बायकोला सांगितलं नाही. तिचे गुडघे आधीच सुजलेत, त्यात डोक्याला ताप कशाला.

संध्याकाळी.

विभागाचा पहिला नियम: आधी पोच, मग उत्तर. कागद मिळाला हे समोरच्याला ताबडतोब कळवायचं, म्हणजे तो निम्मा थंड होतो. टाईप करून टाकलं. विचारही करावा लागला नाही, बोटंच लिहितात:

‘आपला दावा मिळाला. सदर रक्कम अदा करण्यास झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या येण्याची रक्कम लवकरात लवकर अदा करण्याबाबत आम्ही कार्यवाही करीत आहोत. तोपर्यंत आपले सहकार्य अपेक्षित आहे.’

वाचून समाधान वाटलं. गोड आहे आणि हाताला काही लागत नाही. यावर भांडणार कोण?

४ मार्च, मंगळवार

पोच रजिस्टर पोस्टाने रवाना. एक प्रत फाईलला. फाईल नवीन घेतली, निळी, जाड पुठ्ठ्याची. पंचिंग मशीन पण घेतलं. कोर्टात गबाळेपणा चालत नाही.

पैसे रोख दिले. कार्ड नाहीच आता. असतं तर कार्डानेच घेतलं असतं, तेवढं मन मोठं आहे माझं.

६ मार्च, गुरुवार

रात्री बायको कामावरून आली ती जिन्यातच बसली. बेकरीच्या काउंटरवर सकाळी आठपासून उभी. मालक स्टूल ठेवू देत नाही. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला पाव शिळा वाटतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, थांब, त्याला असं पत्र लिहितो की स्वतः डोक्यावर स्टूल घेऊन येईल. ती म्हणाली, मागच्या वर्षीपासून लिहिताय. मागच्या वर्षी वेळ नव्हता, हे ती विसरते.

उद्या नक्की.

बाकी ठरलंय तेच. मे महिन्यात घराचा शेवटचा हप्ता. त्यानंतर माझ्या एकट्याच्या पगारात भागतं, म्हणजे तिची नोकरी सुटली. डॉक्टरांनी तर दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की उभं राहणं बंद करा. मी शब्द दिलाय. मी दिलेला शब्द आहे, म्हणजे झालंच.

९ मार्च, रविवार

उत्तराला बसलो. शीर्षकातच सकाळ गेली. ‘उत्तर’ फार साधं वाटतं. ‘प्रत्युत्तर’ लिहिलं की भांडकुदळ वाटतो. शेवटी ‘सविनय उत्तर’ ठरवलं. मग जेवलो, मग डोळा लागला.

बायकोने विचारलं, दार लावून काय लिहिताय. ऑफिसचं म्हटलं. एवढी जाड फाईल बघून तिला वाटलं प्रमोशनचं आहे. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. माणसाचा आपणहून गैरसमज झाला तर त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

स्टूलचं पत्र राहिलं.

१५ मार्च, शनिवार

ऑफिसात पलीकडच्या टेबलावरच्या ढापण्याला सांगितलं. सांगितलं म्हणजे, एका मित्राची केस म्हणून सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाला, त्या मित्राला म्हणावं वकील गाठ. त्याच्या बिल्डिंगमध्ये एक वकीलबाई आहेत, सल्ल्याचे फार घेत नाहीत. मी म्हटलं, मित्राला लिहिता येतं. म्हणाला, लिहिता येणारेच जास्त अडकतात.

याला बावीस वर्षांत धड ‘दिलगीर’ लिहिता आलेलं नाही. हा मला शिकवणार.

२२ मार्च, शनिवार

उत्तराची पाच पानं झाली. अजून मुद्द्यावर यायचं आहे.

सगळी हकिगत पहिल्यापासून मांडतोय. म्हणजे मी पैसे बुडवणारा नाही, हे स्पष्ट होईल. कार्डावर घेतलं काय काय, तर पळण्याचं मशीन (त्यावर सध्या चादरी वाळतात), सुटकेसचा सेट (प्रवास व्हायचा आहे) आणि बायकोच्या गुडघ्यांसाठी मालिशचं यंत्र. यंत्राने दुसऱ्याच दिवशी तिला असा चिमटा काढला की तिने ते पलंगाखाली ढकललं. तरीपण भरत होतो. मग एका महिन्यात उशिराचा दंड लावला, चुकीचा. मी सभ्य भाषेत तक्रार लिहिली. उत्तर नाही. दुसरी लिहिली. उत्तर नाही. साधी पोचसुद्धा नाही! त्या दिवसापासून मी भरणं बंद केलं. जो माणूस पत्राला उत्तर देत नाही त्याला पैसे कसले द्यायचे? तत्त्वाचा प्रश्न आहे. साडेतीन वर्षं झाली, एक पैसा दिलेला नाही.

हातात तेव्हा पैसेही नव्हते, पण तो वेगळा मुद्दा.

२७ मार्च, गुरुवार

बायको आज हसत घरी आली. मालकाला सांगून टाकलं म्हणाली, मे महिनाअखेर मी सोडतेय. त्याने विचारलं, का? तर म्हणाली, आमच्या ह्यांचं वरच्या जागेवर होतंय, घराचा हप्ताही संपतोय. तुटक्या बिस्किटांची पिशवी आणली होती, त्यातली सगळ्यात कमी तुटलेली मला दिली.

बिस्कीट बशीतच राहिलं. ॲसिडिटी असणार.

घाई करायला नको होती तिने. पण असू दे. केस मी जिंकतोच आहे, मग फरक काय पडतो?

३१ मार्च, सोमवार

मुदत परवा संपते. उत्तर चौदा पानं. वकीलबाईंकडे गेलो. मदत मागायला नाही, नुसती नजर टाकून घ्यायला. छोटी खोली, कागदांचे ढीग, बाईंच्या पायाशी छोटा पंखा. चौदा पानं हातात घेतली आणि न वाचताच बाजूला ठेवली. विचारलं, शेवटचे पैसे कधी भरलेत? म्हटलं, साडेतीन वर्षं झाली. त्यानंतर काही? एक पैसा नाही.

बाई एकदम ताठ बसल्या. म्हणाल्या, अहो मग तुम्ही सुटलात. वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत टळून गेलीय. या कंपन्या असली जुनी येणी किलोच्या भावाने घेतात आणि दावे ठोकून देतात, माणूस घाबरून भरेल म्हणून. दोन ओळींचं उत्तर द्या, मुदतबाह्य आहे एवढंच. पहिल्याच तारखेला पडेल.

मी काय सांगू! खुर्चीतच उंच झालो. मला आतून माहीतच होतं.

मग बाईंनी सहज विचारलं, मधे तुम्ही त्यांना लेखी काही दिलं नाहीत ना? म्हटलं, दिलं तर! फाईल उघडली, पिवळी पट्टी लावलेलं पान काढलं आणि पोच त्यांच्या पुढ्यात ठेवली. वाटलं, भाषा बघून खूश होतील.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. विचारलं, हे तुम्हाला कोणी लिहायला लावलं का? म्हटलं, छे, मीच लिहिलं, त्याच संध्याकाळी. बाईंनी कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता. म्हणाल्या, मेलेलं येणं होतं, तुम्ही त्याला उठवून बसवलंत. रक्कम देणं आहे हे सहीनिशी कबूल केलंत, वर लवकरात लवकर देतो म्हणालात. आता मुदत इथून पुढे नव्याने मोजतील.

मी समजावलं की हे कबूल करणं नसतं, ही पद्धत असते. असली हजारो पत्रं मी पाठवलीत, कंपनीने त्यातल्या कोणाला दमडी दिलेली नाही. बाई म्हणाल्या, ते लोक कोर्टात गेले नव्हते.

निघताना म्हणाल्या, मी सोबत उभी राहीन, फीचं नंतर बघू. आणि त्यांचा वकील बाहेर हप्त्यांचं बोलला तर जागच्या जागी हो म्हणा. मी म्हटलं, विचार करून लेखी कळवतो.

बाई हुशार आहेत, पण पत्रव्यवहाराचा अनुभव कमी.

२ एप्रिल, बुधवार

उत्तर स्वतः दाखल केलं. बाईंची फी वाचवली. खिडकीवरचा कारकून म्हणाला, तीन प्रती लागतात. मी एकच नेली होती, पण रंगीत पट्ट्यांसकट. झेरॉक्सच्या रांगेत दुपार गेली. खिडकी बंद होता होता शिक्का मिळाला. कारकून म्हणाला, चौदा पानं कोण वाचणार? गमतीने म्हणाला असणार.

दोन ओळींचा मुद्दा अकराव्या पानावर घातला आहे. शोधणाऱ्याला सापडेल.

२४ एप्रिल, गुरुवार

सुनावणी. ऑफिसात डेंटिस्टचं सांगितलं, बायकोला ऑफिसचं सांगितलं. इस्त्रीचा शर्ट, निळी फाईल.

बाकावर बसून बसून अंग आंबलं. पंखा होता, पण त्याचा वारा फक्त शिपायाला. समोरचा वकील पोरसवदा. माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, काका, व्याज सोडून देतो, छोटे छोटे हप्ते करून टाका, दोघांचाही वेळ वाचेल. मी म्हटलं, आपला प्रस्ताव मिळाला, लेखी कळवीन. तो माझ्याकडे बघत राहिला. वजन पडलं असणार.

नाव पुकारलं. मी चौदा पानांतला पहिला परिच्छेद तोंडपाठ केला होता. ‘सविनय’ म्हणेपर्यंतच पोरगा उठला आणि त्याने माझी पोच वाचून दाखवली. वाचली मात्र सुरेख, एकही शब्द अडखळला नाही. जजसाहेबांनी विचारलं, सही तुमची? म्हटलं, होय, खाली दोन रेघा आहेत ती माझीच. म्हणाले, पत्र अगदी स्पष्ट आहे.

एवढ्या मोठ्या माणसाकडून अशी दाद रोज मिळत नाही. निकाल जूनमध्ये.

बाहेर आल्यावर पोरगा दिसला नाही. हप्त्यांचं पत्र उद्या लिहितो.

९ मे, शुक्रवार

हप्त्यांचं पत्र राहिलं. स्टूलचंही राहिलं, पण त्याची आता गरजच नाही.

३१ मे, शनिवार

घराचा शेवटचा हप्ता गेला. बायकोचा बेकरीतला शेवटचा दिवस. मालकाने एक केक दिला, वर नाव चुकीचं घातलं होतं, दुसऱ्या कोणाचं तरी राहिलेलं असावं. आम्ही खाल्ला. ती म्हणाली, उद्या मी नऊपर्यंत झोपणार आहे, हाक मारलीत तर बघा.

मी पण म्हटलं, झोप. कमावलंस.

कमावलंच आहे तिने. एकदा निकाल लागू दे, सगळं नीट सांगणार आहे. जिंकून सांगितलेलं बरं.

१२ जून, गुरुवार

निकाल. हरलो असं म्हणता येणार नाही. सगळी रक्कम, व्याज, त्यांचा खर्च, सगळं त्यांना द्यायचं आहे. पण जजसाहेबांनी निकालात माझं पत्र पूर्ण उतरवून घेतलंय. शब्दन् शब्द. अकराव्या पानाबद्दल अक्षरही नाही.

अपील करणार. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पैसे भरायला आहेत का? नाहीत म्हटलं. म्हणाल्या, मग अपील राहू द्या, त्यांना भेटा, पगारापर्यंत जाऊ देऊ नका. लेखी कळवतो म्हणणार होतो, पण फोन ठेवून दिला होता त्यांनी.

घरी आलो तर बायको जिना चढून वर आलेली, न थांबता. मला दाखवायला पुन्हा एक मजला उतरून चढली. बघा, म्हणाली, बारा दिवसांत सूज उतरली.

छान म्हटलं. जेवलो नाही फारसा.

२० जून, शुक्रवार

वसुलीवाल्यांना भेटायचं ठरवलं. त्याआधी एक सविस्तर पत्र लिहावं असं वाटतं. नुसतं जाऊन बोलणं बरं दिसत नाही.

२९ जून, रविवार

पत्राचं शीर्षक ठरेना. खरं सांगायचं तर थकलोय. कागद समोर घेतला की झोप येते, झोपलं की कागद दिसतो.

७ जुलै, सोमवार

सकाळी ट्रेमध्ये नेहमीसारखी डाक. गळका फ्रिज, मिक्सर, मिक्सर, जळालेली इस्त्री. पाचवा लिफाफा कोर्टाचा, कंपनीच्या नावाने. आवकवाल्याने वर लाल पेनाने ‘तक्रार निवारण, तातडीचे’ मारून माझ्याच ट्रेमध्ये टाकलेला. कोर्टाचं काहीही आलं की ती तक्रारच असणार, असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

आत लिहिलं होतं, आपल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा अमुक भाग कापून कोर्टात जमा करावा आणि तसं लेखी कळवावं. कर्मचाऱ्याचं नाव वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.

लिफाफा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी वाचलं, दार लोटलं, बसा म्हणाले. हिशेबवाल्यांना मी सांगतो म्हणाले, बोभाटा होणार नाही. मग बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. शेवटी संकोचून म्हणाले, कोर्टाला कंपनीतर्फे उत्तर जायला हवं. आणि तसली उत्तरं आपल्याकडे तुम्हीच लिहिता.

लिहिलं. ‘आपला आदेश मिळाला. सदर कर्मचाऱ्याच्या वेतनातून आदेशाप्रमाणे कपात करण्याची कार्यवाही करीत आहोत.’ एका बैठकीत झालं, खाडाखोड नाही. दिलगीर आहोत लिहायला बोटं गेली होती, आवरली. कंपनी कशाला दिलगीर असेल?

ढापण्याने चष्म्यावरून विचारलं, मित्राचं काय झालं? मी म्हटलं, मित्र बुडाला. त्याने आपला चहा माझ्या टेबलावर सरकवला, तेवढंच.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. सगळं. कार्ड, दावा, पोच, प्रमोशन नाही, निकाल, पगार. ती भाजी निवडत होती. मी बोलत राहिलो आणि ती निवडत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, दर महिन्याला किती जाणार? आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात काहीतरी केलं आणि म्हणाली, म्हणजे माझ्या पगाराएवढे.

मग उठून पाय धुतले आणि झोपायला गेली.

८ जुलै, मंगळवार

बायको सकाळी बेकरीत जाऊन आली. मालकाने नवीन मुलगी ठेवली होती, ती आठवड्यात पळाली. उद्यापासून ये म्हणाला, आठ वाजता.

दुपारभर ती पलंगाखाली काहीतरी शोधत होती. मालिशचं यंत्र काढलं. सेल गंजलेले. पुसून ठेवलं, टाकलं मात्र नाही.

रात्री जेवणं झाल्यावर माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. म्हणाली, मालकाला स्टूलसाठी अर्ज लिहा. आता तो अडलेला आहे, आता ऐकेल. आणि आत्ता लिहा, उद्या नको.

लिहिला. चांगला पानभर झाला. सविनय, अनेक वर्षांची सेवा, गिऱ्हाइकांच्या सोयीचा संपूर्ण विचार, आपणांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुनश्च दिलगीर आहोत. तिच्या हातात दिला. ती दिव्याजवळ नेऊन सावकाश वाचत होती. मग विचारलं, यात दिलगीर कोण आहे? मी म्हटलं, तशी पद्धत असते. म्हणाली, गुडघे माझे, उभी मी राहणार, आणि माफी पण मीच मागायची? काढा ते.

काढलं. ते काढल्यावर सविनय पण लटकायला लागलं, ते काढलं. सेवा काढली. शेवटी दोन ओळी उरल्या. मला उभं राहवत नाही. काउंटरमागे एक स्टूल द्यावं. तिने खाली सही केली, एकही रेघ न ओढता, आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी तिथेच बसून होतो. म्हटलं, माझं चुकलं गं. कागदावर नाही, तोंडाने म्हटलं.

ती दिवा बंद करत होती. म्हणाली, बघू. आधी स्टूल मिळू दे.